सहा फूट तीन इंच

फोन आला तेव्हा मी एका हस्तलिखिताच्या तळटीपा तपासत होतो. दुपारची वेळ होती. रुग्णालयातून बोलणारी बाई थकलेल्या पण सभ्य आवाजात इंग्रजीत म्हणाली की मिस्टर पेंढारकरांना तासाभरापूर्वी तिथे आणलं होतं, आणि आता ते नाहीत. इथल्या सेरंगून भागातल्या मॉलमधल्या वाचनालयात खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मान कलली होती. समोरच्या टेबलावर अभ्यास करणाऱ्या मुलीला वाटलं, आजोबांना डुलकी लागली असेल. पाकिटात घडी घातलेला एक कागद सापडला, त्यावर माझं नाव, पत्ता आणि नंबर होता. "तुम्ही नातेवाईक?" बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "मित्र." "पण पत्ता तुमचाच लिहिलाय. ते तुमच्याकडे राहायचे ना?" मी "हो" म्हणालो.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. पेंढारकर माझ्याकडे राहत नव्हते. ते कोणाकडेच राहत नव्हते. सदुसष्ट वर्षांचे, या देशाचे नागरिक, आयुष्यभर जहाजदुरुस्तीच्या गोदीत ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केलेले पेंढारकर शेवटचे चार महिने बेघर होते, आणि ते आम्ही तीन-चार माणसं सोडली तर इथल्या मराठी मंडळींत कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची मुलगी मृणाल हिला विचारूनच हे लिहितो आहे. ती म्हणाली, "लिहा काका. आता काय झाकायचं राहिलंय?"

आमची ओळख वीस वर्षांपूर्वीची. गणेशोत्सवासाठी आम्ही काही कुटुंबांनी एक हॉल भाड्याने घेतला होता. मी नुकताच पुण्याहून आलो होतो, कोणालाच ओळखत नव्हतो, म्हणून भिंतीशी उभा होतो. एक सडपातळ गृहस्थ रंगमंचावर पावलं टाकत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालले होते. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हॉलवाल्यांनी बत्तीस फूट सांगितलंय. एकतीससुद्धा नाही. मखर तिरकं ठेवावं लागणार." मग माझ्याकडे खालून वर पाहिलं. "तुम्ही पाच-आठ. बरोबर?" बरोबर होतं. त्यांच्या पत्नी सुषमावहिनी मागून हसत म्हणाल्या, "यांना माणूस भेटला की आधी उंची दिसते, चेहरा नंतर."

जहाजांवरच्या खलाशांच्या खोल्यांचे आराखडे काढण्यात पेंढारकरांची हयात गेली. कमीत कमी जागेत माणूस कसा बसवायचा, हे त्यांचं काम. सहा फूट तीन इंच लांब आणि अडीच फूट रुंद जागा मिळाली की माणसाला नीट झोपता येतं, असं ते सांगायचे. "त्याहून जास्त जागा लागते ती माणसाला नाही, त्याच्या सामानाला." गोदीत मोजमापं मिलिमीटरमध्ये, घरी मात्र फूट आणि इंच. कोणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत त्यांचे डोळे भिंतींवरून फिरून आलेले असायचे आणि चहाबरोबर खोलीचा आकडा यायचा. मी विद्यापीठात संपादनाचं काम करतो म्हणून मला ते 'संपादक' म्हणत. "काय संपादक, आज कोणाचं वाक्य मोडलंत?" हे त्यांचं दारातलं पहिलं वाक्य. मी त्यांना 'पेंढारकर' म्हणायचो, पण वयाने ते मोठे असल्यामुळे अहो-जाहो कधी सुटलं नाही.

सुषमावहिनी गेल्या त्याला आता पाच वर्षं होऊन गेली. त्यानंतर वर्षाच्या आतच त्यांनी यिशुनचा आपला फ्लॅट विकला. मृणाल आणि जावई पासिर रिसला मोठं घर घेत होते. त्यात एक खोली बाबांची असेल असं ठरलं, आणि फ्लॅटचे पैसे तिकडे गेले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी म्हणालो, की एकट्याने राहण्यापेक्षा हे बरं. ते म्हणाले, "आठ बाय नऊ. खिडकी पूर्वेला. एवढ्यात मी दोन खलाशी झोपवले असते."

तिथे ते दोन वर्षं राहिले. नात रिया तेव्हा आठ वर्षांची होती. तिचं इथल्या ढंगाचं इंग्रजी ते हुबेहूब नक्कल करून सांगायचे: "आजोबा, यू ब्लॉकिंग द टीव्ही लाह!" सांगताना खूश असायचे. मग एका रविवारी आले आणि सहज म्हणाले, "यिशुनला एक खोली भाड्याने घेतलीय. जुनी वस्ती बरी वाटते." मी विचारलं, मृणालकडे काही झालं का? "छे हो. जावयाचे आई-वडील येतायत नागपूरहून, कायमचे. आणि मुलीच्या घरी किती दिवस राहायचं? आपल्यात बरं दिसत नाही ते." त्यांच्या आईने म्हणे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ती आठवण त्यांनी रंगवून सांगितली आणि मी ती रंगून ऐकली.

यिशुनच्या खोलीत दीड वर्षं गेलं. मग त्या घराच्या मालकाने घर विकायला काढलं आणि पेंढारकरांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्याच सुमारास त्यांच्या गुडघ्याने दगा दिला. एका कॉन्डोच्या फाटकावर ते पहारेकऱ्याची अर्धवेळ नोकरी करत होते, ती सुटली. बाजारभावाने खोली घेणं आता शक्य नव्हतं. उरला होता तो सरकारी भाड्याचा फ्लॅट. ज्यांना खरोखरच दुसरा आसरा नाही अशांना इथे नाममात्र भाड्याने एक खोलीचा फ्लॅट मिळतो. एकटा माणूस असेल तर दुसऱ्या एकट्या माणसाबरोबर वाटून घ्यायचा. "या वयात रूममेट!" पेंढारकर म्हणाले. "घोरणारा निघाला तर तुमच्या वहिनींची आठवण तरी येईल." अर्जाबरोबर परिस्थिती सांगणारं एक पत्र जोडायचं होतं. ते मी लिहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. "तुमचं इंग्रजी पाहून साहेब उठून उभा राहील."

ते पत्र मी माझ्या अभ्यासिकेत बसून लिहिलं. आमची मुलगी शिकायला मेलबर्नला गेल्यावर तिची खोली मी पुस्तकांसाठी घेतली होती. तीन संध्याकाळी मी त्या पत्रावर काम केलं. अडचण एकच होती. अर्जदाराची मुलगी याच शहरात स्वतःच्या घरात राहते, मग तो तिच्याकडे का राहत नाही? पेंढारकरांनी मला कारण दिलं होतं, आपली रीत. त्या रीतीवर मी दोन परिच्छेद लिहिले. बापाने लेकीच्या सासरी राहण्याबद्दल आमच्याकडे काय संकोच असतो, तो कुठून आला, जुन्या पिढीत तो किती खोल आहे... सगळं मोजक्या, स्वच्छ इंग्रजीत. मला संशय आला नव्हता असं मी म्हणणार नाही. जो माणूस दोन वर्षं लेकीकडे आनंदाने राहिला त्याला अचानक रीत कशी आठवली, हा प्रश्न कोणत्याही लेखकाच्या हस्तलिखितात मी समासात लिहिला असता. इथे लिहिला नाही. परिच्छेद चांगले उतरले होते. वाचून दाखवले तेव्हा पेंढारकर म्हणाले, "कोणाचं नाव वाईट होत नाही यात. फार छान."

मुलाखतीला मी सोबत गेलो. मिस लिम नावाच्या अधिकारी बाई होत्या, चाळिशीच्या, केस मागे घट्ट बांधलेले, टेबलावर थंड झालेली कॉफी. त्यांनी माझं पत्र पुढे ठेवलं होतं आणि त्या दोन परिच्छेदांखाली पेन्सिलने रेघ मारली होती. त्यांनी पेंढारकरांचं ओळखपत्र उलटून पाहिलं. "अंकल, यू स्टे विथ डॉटर टू इयर्स. अ‍ॅड्रेस स्टिल हर्स. दॅट टाइम नो कस्टम, आह?" पेंढारकर हसले. म्हणाले, तेव्हा पत्नी नुकतीच गेली होती, अपवाद केला. बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज उतरवून विचारलं, "डॉटर चेस यू आउट, इज इट?"

आज मला कळतं की त्या क्षणी त्या दार उघडून धरून उभ्या होत्या. त्यांना एक वाक्य हवं होतं. मुलीच्या घरी मला ठेवत नाहीत, एवढं एक वाक्य अर्जदाराने म्हटलं असतं तर त्यांना पुढे काही लिहिता आलं असतं. "नो, नो," पेंढारकर म्हणाले, "माय डॉटर इज अ व्हेरी गुड गर्ल." "सन-इन-लॉ?" "ऑल्सो व्हेरी गुड." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या माझ्या पत्राकडे पाहिलं. टेबलाखाली पेंढारकरांचा हात माझ्या गुडघ्यावर आला होता आणि तो घट्ट दाबला गेला होता... त्याचा अर्थ मला समजला, आणि मी गप्प राहिलो. मला तेव्हा वाटलं, मी मित्राचा मान राखतो आहे.

तीन आठवड्यांनी नकार आला. अर्जदाराला कुटुंबात निवारा उपलब्ध आहे आणि तिथे न राहणं ही त्याची स्वतःची पसंती आहे, अशा आशयाचं पत्र. 'पसंती' हा शब्द माझ्याच पत्रातून उचलला होता. मी लिहिलं होतं, की अर्जदार परंपरेला अनुसरून वेगळं राहणं पसंत करतात. वाक्य डौलदार व्हावं म्हणून लिहिलं होतं. आम्ही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपुढच्या टेबलाशी, बसलो होतो, पेंढारकरांनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि कॉफीच्या कपाखाली ठेवून म्हणाले, "तुमची चूक नाही हो संपादक. मापं मीच चुकीची दिली."

मिस लिमनी त्यानंतर त्यांना दोनदा स्वतः फोन केला. फेरअर्ज करता येईल, फक्त मुलीची सही हवी, की ती वडिलांना ठेवू शकत नाही. "वन लाइन ओन्ली, अंकल. वन लाइन फ्रॉम हर." पेंढारकर त्यांना हो म्हणायचे आणि मृणालला फोन करायचे नाहीत. शेवटी मी केला. ती आधी रडली. म्हणाली, "काका, मी आज सही करीन. पण त्या ऑफिसची माणसं घरी येणार, विचारणार. ह्यांना कळणार की मी लिहून दिलंय. मग मला आणि रियाला..." मी ते पेंढारकरांच्या कानावर घातलं तेव्हा ते माझ्यावर चिडले, वीस वर्षांत प्रथमच. "तिला कशाला मध्ये ओढलंत? तिला तिथेच राहायचंय ना!" थोड्या वेळाने शांतपणे म्हणाले, "एक माणूस बाहेर आहे तेवढा पुरे. तिघं नकोत."

खोलीची मुदत संपायला दोन आठवडे राहिले असताना ते रविवारी माझ्याकडे आले. अभ्यासिकेत बसलो. त्यांनी सवयीने भिंतींवरून नजर फिरवली. "नऊ बाय अकरा. नाही... अकराला दोन इंच कमी." मग खिडकीखालच्या भिंतीकडे पाहत राहिले. तिथे माझं गुडघ्याइतक्या उंचीचं एक लांबट कपाट आहे, त्यावर शब्दकोशांची रांग. म्हणाले, "हे हललं तर इथे एक कॉट सहज बसते हो."

"मग शब्दकोश कुठे ठेवू?" मी म्हणालो आणि हसलो. आधी मी हसलो. मग ते.

मी चहा करायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ते खिडकीशी उभे होते, हात खिशात. चहा पिऊन, गुडघ्याच्या मलमाबद्दल काहीतरी बोलून ते गेले. माझी बायको अनुराधा बाहेरून आली आणि तिने विचारलं, "पेंढारकर काही म्हणाले का?" मी म्हणालो, "विशेष काही नाही." आमचा फ्लॅट भाड्याचा आहे, आणखी माणूस ठेवायचा तर मालकाची परवानगी लागते, मुलगी सुट्टीत येते... ही कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी मी कुठलंही कारण शोधलं नव्हतं. मी फक्त हसलो होतो.

खोली सुटल्यावर एका निवारा केंद्रात रात्रीपुरती झोपायची सोय मिस लिमनीच करून दिली. संध्याकाळी फाटक उघडतं, सकाळी सातला गादी गुंडाळून बाहेर पडायचं. दिवसभर पेंढारकर वाचनालयात बसत. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, समोर वर्तमानपत्र. कोणी ओळखीचं भेटलं तर म्हणत, "इथे एसी फुकट आहे, घरी बिल येतं." मी आठवड्यातून एकदा दुपारी जायचो. आम्ही खाली जाऊन जेवायचो. सोयीबद्दल विचारलं तर एकदाच म्हणाले, "गाद्यांमध्ये अंतर दीड फूट. जहाजावर यापेक्षा बरं असतं, तिथे निदान पडदा असतो." फेरअर्जाचं मी विचारायचो. ते म्हणायचे, "बघू." नंतर मी विचारणं सोडलं. अनुराधाने मात्र सोडलं नाही. पेंढारकर जायच्या दहा दिवस आधी ती मला म्हणाली, "त्यांना इथेच घेऊन या ना." मी म्हणालो, हा रविवार जाऊ दे, बोलतो. त्या रविवारी ते आले नाहीत. गुडघा दुखत होता, असा निरोप आला.

जावयाने अंत्यसंस्कार नीट केले. हार, भटजी, आलेल्यांसाठी पाण्याच्या बाटल्या, कशातही कमी नव्हतं. तो रडलाही, आणि ते रडणं खोटं होतं असं मला वाटत नाही. मिस लिम जेवणाच्या सुट्टीत आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. कोणाला वाटलं, बँकेतल्या असतील. पुढच्या रांगेत एक बाई दुसरीला म्हणाल्या, "नशीबवान हो. शेवटपर्यंत लेकीजवळ होते." मिस लिमनी मला हळूच विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, "ते नशीबवान होते असं म्हणतायत." त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "एव्हरी टाइम ही टेल मी, व्हेरी गुड गर्ल." मृणाल तेव्हा आमच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

तेराव्यानंतर ती एकटी आमच्याकडे आली. जे मला आधीच ठाऊक होतं ते तिने सांगितलं. एका सकाळी जावई म्हणाला होता, "बाबा, माझे आई-वडील येतायत. महिनाअखेरपर्यंत काहीतरी बघा." बाबा "हो, हो, बघतो" म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. "मी तिथेच ओट्याशी होते, काका. गॅससुद्धा बंद केला नाही. पोळी भाजत राहिले." मग म्हणाली, "त्यांनी ती पोळी खाल्ली. मागून आणखी एक घेतली."

गेल्या आठवड्यात अभ्यासिकेतला एसी गळायला लागला. दुरुस्तीला माणूस येणार होता, म्हणून मी खिडकीखालच्या कपाटावरचे शब्दकोश एकेक करून जमिनीवर काढून ठेवले. त्यांच्यामागे, कपाटाच्या कडेच्या वर, भिंतीवर पेन्सिलच्या दोन बारीक तिरक्या रेघा होत्या. आराखड्यात माप सुरू होतं आणि संपतं तिथे ड्राफ्ट्समन मारतात तशा. एक डाव्या कोपऱ्याजवळ, दुसरी कपाटाच्या उजव्या टोकाशी. दोन्हींच्या मध्ये, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत मावतील अशा लहान, सरळ, सुबक आकड्यांत लिहिलं होतं: ६'-३". मी चहा करत होतो तेवढ्या वेळात त्यांनी शब्दकोश बाजूला घेतले असणार, खिशातला टेप लावला असणार, खुणा केल्या असणार, आणि सगळे शब्दकोश होते त्याच क्रमाने परत लावले असणार. मी टेप आणून मोजलं. एका केसाचाही फरक नव्हता.

एसी दुरुस्त झाला. अनुराधाने काल विचारलं, पुस्तकं वर ठेवायची नाहीत का, पायात येतायत. मी म्हणालो, ठेवतो. ती अजून जमिनीवरच आहेत. खिडकीखालच्या कपाटावरची ती जागा मोकळी आहे.